मी करवली होणार नाही

कोल्हापुरात मुली 'मी आलो', 'मी गेलतो', 'मी जेवतो' असंच बोलतात. बाहेरगावच्या माणसाला याचं हसू येतं. आमच्याकडं मात्र शाळेत जाणाऱ्या पोरीपासून भाजी विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांची हीच बोली. या बोलीचे माझ्यावर केवढे उपकार आहेत हे मला फार उशिरा कळलं. जन्मल्यावर डॉक्टरांनी मुलगी म्हणून सांगितलं, घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलं, शाळेनं मुलींच्या रांगेत उभं केलं, पण 'मी आलो' म्हणताना मला कुणी कधी अडवलं नाही. बाकीच्या सवयीनं म्हणत होत्या आणि मी मनापासून म्हणत होतो. हा फरक बाहेरून दिसत नव्हता.

आठवीत आम्हाला मराठी शिकवायला पुण्याकडच्या एक बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं, मुलींनी 'मी आले, मी गेले' म्हणायचं, हे 'आलो-गेलो' बंद. वर्ग सुधारला, निदान त्यांच्या तासापुरता तरी. मी सुधारलो नाही. एकदा, दोनदा सांगून झाल्यावर बाईंनी मला बाकावर उभं केलं. मी उभा राहिलो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी आपण होऊन उठली आणि म्हणाली, "बाई, तिचं चुकत न्हाय. आमच्यात असंच बोलतात की. मी बी उभा राहतो." आणि ती खरंच बाकावर चढून उभी राहिली.

तीच माझी मैत्रीण. त्या दिवसापर्यंत आम्ही धड बोललोही नव्हतो.

ती राजारामपुरीतली. जैन कुटुंब, वडिलांचं भांड्यांचं दुकान, दुकानावरच घर. आम्ही गडमुडशिंगीचे. माझे बाबा फाउंड्रीत कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. मी रोज सिटी बसनं शहरातल्या शाळेत यायचो. पुढं आम्ही दोघंही मुलींच्या फुटबॉल टीममध्ये गेलो. ती बॅकला खेळायची, मी गोलकीपर. कोल्हापूरच्या पेठांमध्ये फुटबॉलचं केवढं वेड आहे हे सांगायला नको. मुलींच्या मॅचला मात्र ग्राउंडवर आमचे सर, दोन-चार भाऊ आणि कुत्री असायची. तरी आम्ही जीव तोडून खेळायचो. ती पुढून ओरडायची, "भावा, डावीकडं!" कोल्हापुरात भावा सगळ्यांनाच म्हणतात, मुली मुलींनासुद्धा. तिनं म्हटलं की मला मात्र वेगळं वाटायचं, आणि का वाटतंय ते सांगायला माझ्याकडं शब्द नव्हता.

पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा तिच्या आजीनं मला आडनाव विचारलं. आमच्याकडं हा प्रश्न कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. मी तोंड उघडायच्या आत मैत्रीण म्हणाली, "गोलकीपर." आजीला कमी ऐकू यायचं, तिनं मान डोलावली. तिच्या आईला मात्र ऐकूही आलं आणि कळलंही. त्यानंतर मला चहा काचेच्या ग्लासात यायला लागला. घर भांड्याच्या दुकानदाराचं, बाकीच्यांच्या हातात स्टीलचे कप. काही दिवसांनी मैत्रिणीनं माझा ग्लास उचलून स्वतःसमोर ठेवला आणि तिचा कप माझ्यापुढं सरकवला. काकू, म्हणजे तिची आई, बघत होत्या. काचेचा ग्लास त्यानंतर आला नाही. पुढं त्याच काकू प्रॅक्टिसनंतर मला हाताला धरून बसवायच्या, "दिवस मावळायच्या आत जेवून घे, बसमध्ये उपाशी जाऊ नको," म्हणायच्या. त्यांच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि त्या नियमात त्यांनी मलाही धरलं.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की ही पोरगी भित्री नव्हती. माझ्यासाठी ती बाकावर उभी राहिली होती, घरात आईच्या विरोधात गेली होती. म्हणून मला खात्री होती, जगाला कळलं नाही तरी हिला कळेल. तरीही मी वर्षानुवर्षं तिला सांगितलं नाही.

शब्द मला कॉलेजात मिळाला, फोनवरच्या एका व्हिडिओत. एक माणूस बोलत होता, दाढीवाला, आवाज जाडसर, मराठी आपल्यासारखीच. मी ट्रान्स पुरुष, मुलगी म्हणून जन्मलो, असं तो अगदी सहज सांगत होता. मी बसमध्ये होतो. उतरायचा स्टॉप मागं गेला तरी मी बसूनच राहिलो. तोवर मला वाटायचं, असा मी एकटाच, आणि एकटा म्हणजे वेडाच. त्यानंतर मी छातीला घट्ट बसणारी बनियन मागवली. ती घालून आरशात बघितलं आणि पहिल्यांदा ओळखीचं माणूस दिसलं.

शिक्षण संपलं, मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागलो. सैल शर्ट, जीन्स, केस मागं बांधलेले. मुलं 'मॅडम' म्हणायची. मैत्रीण वडिलांच्या दुकानात बसायला लागली. मग तिचं लग्न ठरलं. मुलगा इचलकरंजीचा, सुताच्या व्यापारातला, शांत. ठरलं त्याच संध्याकाळी तिनं मला दुकानात बोलावलं आणि बादल्यांच्या चळतीला टेकून जाहीर केलं, "करवली तूच. मला सख्खी बहीण न्हाय. दोन्ही दिवस माझ्या मागं तू उभी राहायचीस. साडी मी घेणार."

मी हो म्हणालो. का म्हणालो? तिचा चेहरा एवढा उजळला होता की नाही निघालंच नाही तोंडातून. वाटलं, दोन दिवस काढू.

साडी राणी रंगाची होती. ब्लाऊज शिवायला ती मला तिच्या नेहमीच्या शिवणाऱ्या बाईंकडं घेऊन गेली. राजारामपुरीतच, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर पडदा लावलेली छोटी खोली. बाईंनी गळ्यातली टेप काढली, माझ्या छातीभोवती फिरवली आणि थांबल्या. बोटांनी शर्टावरून चाचपलं.

"ताई, आत काय घातलंय हे? एवढं घट्ट? काढा ते. माप बसत न्हाय."

मी म्हणालो, "असंच घ्या."

"असं कसं घेऊ? ब्लाऊज अंगावर चढायचा न्हाय. काढा, इथं बायकाच हायत की."

मैत्रीण स्टुलावर बसून काठाचं कापड बघत होती. तिनं वर बघितलं. बाईंचा हात माझ्या शर्टाच्या बटणाकडं आला होता, सहज, रोजच्या सवयीनं. मी मागं सरकलो.

"राहू दे. मला ब्लाऊज नको."

"नको म्हंजे?" मैत्रीण हसली. "बिनब्लाऊजची साडी नेसणार व्हय?"

शिवणाऱ्या बाईपण हसल्या. मी पडदा सारला आणि जिना उतरून खाली आलो. पार्किंगमध्ये गाड्या, जनरेटर, कुणाचं तरी सिमेंटचं पोतं. तिथं मी थांबलो. ती मागोमाग आली.

"काय झालं? टाचणी टोचली काय?"

"मी करवली होणार न्हाय."

"का? रंग आवडला न्हाय? बदलू की."

"रंगाचं न्हाय. मी मुलगी न्हाय."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"मी पुरुष हाय," मी म्हणालो. "पहिल्यापासनं."

ती मोठ्यानं हसली. "अगं, 'आलो-गेलो' मी बी म्हणतो की. म्हणून मी काय बाप्या झालो?"

"तू सवयीनं म्हणतीस. मी खरं म्हणतो."

तिचं हसू ओसरलं. नेमक्या त्याच वेळी माझ्या क्लासच्या चार-पाच पोरी सायकली ढकलत गेटमधून आत डोकावल्या. "मॅडम, आज भूमिती हाय का बीजगणित?" मी म्हणालो, "भूमिती. कंपास आणा." त्या गेल्या. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलून झाल्यावर माझ्या तोंडून लगेच 'कंपास आणा' निघालं होतं. आज त्याचं हसू येतं, तेव्हा आलं नाही.

मैत्रिणीनं आवाज खाली आणला. "म्हणजे तृतीयपंथी?"

"तसंच धर."

"पण ते... त्ये तर साडी नेसतात. बाप्याचं बाई होतं त्यात. उलटं बी असतंय?"

"असतंय. तुझ्यासमोर उभा हाय."

तिची चूक नव्हती. आमच्या भागात देवीला वाहिलेले, साडी नेसणारे जोगते सगळ्यांनी पाहिलेत, त्यांना ओवाळणी घालतात, त्यांची टिंगलही करतात. माझ्यासारखा माणूस तिनं पाहिलेला नव्हता. म्हणजे पाहिला होता, रोज पाहिला होता, पण त्याला नाव नव्हतं. तिचे पुढचे प्रश्न मला माहीत होते: आईबापाला ठाऊक आहे का, डॉक्टरला दाखवलंस का, ऑपरेशन असतं का. सगळ्यांची उत्तरं मी मनात पाठ करून ठेवली होती. तिनं विचारलं ते भलतंच.

"मॅचनंतर आपण एका खोलीत कपडे बदलायचो. तू माझ्या घरी माझ्या अंथरुणात झोपलीस. मी तुला बाई समजून होतो. आता मी काय समजू?"

तिच्या गालावर लाल चट्टे उठले होते. मला आधी लाज वाटली. आणि त्या लाजेच्या पाठोपाठ संताप आला.

"मी भिंतीकडं तोंड करून बदलायचो," मी म्हणालो. "तूच चिडवायचीस, एवढी काय लाजतीस म्हणून. आठवतंय? मी तुझ्याकडं कधी तसं बघितलं न्हाय. आणि हे मला तुला सांगावं लागतंय, याचा मला राग आलाय."

"राग तुला आलाय? फसवलंस तू, आणि राग तुला?"

"फसवलं न्हाय. सांगितलं न्हवतं. आज सांगितलं."

"आज! साडी घेतल्यावर!"

"व्हय, साडी घेतल्यावर. आधी सांगायला हवं होतं, ते खरं. पण साडी मी नेसणार न्हाय."

तिनं स्कूटरला किक मारली. बटण स्टार्टची गाडी होती, तरी रागात किक मारली, आणि गेली. मी क्लासला जाऊन त्या दिवशी एकरूप त्रिकोण शिकवले. फळ्यावरची आकृती सरळ आली होती, एवढं आठवतं.

मग तिचा फोन नाही, मेसेज नाही. मी पण केला नाही. अपराध केल्यासारखं मागं मागं फिरायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. एकदा तोंडातून बाहेर पडलेलं वाक्य मला परत गिळायचं नव्हतं. उलट, ते एकदा बोललं गेल्यावर बाकीच्या गोष्टी लपवण्यात काही अर्थच उरला नाही. त्या रविवारी मी गावातल्या केस कापायच्या दुकानात गेलो. दुकानदारानं वस्तऱ्यावरून मान वर केली.

"इथं लेडीज चालत न्हाय, ताई."

"मला चालतंय की," म्हणून मी खुर्चीत बसलो. "बारीक करा. मागनं मशीन मारा."

बाकावर बसलेली माणसं पेपर खाली ठेवून बघायला लागली. दुकानदार घुटमळला, माझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणाला, त्यांना विचारलंयस का? मी म्हणालो, "तुमच्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक बापाला विचारून येतंय व्हय?" बाकावरचा एक म्हातारा खोकत खोकत हसला. केस खाली पडले. मान हलकी झाली. मानेवर वारा लागतो तो कसा, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी गेलो तर आईनं हातातली परात खाली ठेवली आणि रडायलाच सुरुवात केली. बाबा कामावरून आले, नळावर हात धुवायला बसले. फाउंड्रीतलं काळं त्यांच्या नखांतून कधीच पूर्ण निघत नाही, तरी ते रोज बराच वेळ घासतात. माझ्याकडं न बघता म्हणाले, "केस कापलंस."

"व्हय."

"पोरासारखं."

"पोरगाच हाय मी, बाबा."

बाबांनी पुन्हा साबण घेतला. आई म्हणाली, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. हिला दाखवून आणा कुठंतरी." मी दोघांनाही जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर रडलो असतो. बाबा जेवले. हात पुसताना म्हणाले, "माझ्या बापानं गावकी सोडली, मेलेलं ढोर वढणार न्हाय म्हणाला, तवा गावानं त्येला बी येडाच ठरवला हुता. घरची बी रडली हुती. मला तुझ्यातलं काय कळत न्हाय. पर आपल्या घरात 'न्हाय' म्हणायची सुरुवात तू केलेली न्हाय."

त्यांनी मला पोरगा म्हटलं नाही. पुढं कित्येक महिने म्हटलं नाही. पण त्या रात्री कुणी मला घराबाहेर काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आईनं माझा डबा भरला, डोळे पुसत पुसत, पण भरला.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मैत्रीण गडमुडशिंगीला आली. हातांवर अजून मेंदी नव्हती, चेहरा उतरलेला. माझे केस बघून ती दारातच थांबली. आईनं चहा दिला. आम्ही घरामागं, ऊस जिथं सुरू होतो तिथं जाऊन उभे राहिलो.

"मी लई विचार केला," ती म्हणाली. "तू जे म्हणतीस ते असंल. मी न्हाय म्हणत न्हाय. पण घरात सगळ्यांना सांगितलंय, करवली तू म्हणून. मम्मीनं नातेवाइकांना सांगितलंय. दोन दिवस फक्त. विग मिळतोय. साडी नेस, माझ्या मागं उभी राहा. लग्न झाल्यावर तुला जे व्हायचंय ते हो, मी तुझ्या बाजूनं उभा राहीन."

ती हात जोडल्यासारखी बोलत होती. मला ती किती आवडते हे तेव्हा पुन्हा कळलं, आणि म्हणूनच उत्तर जास्त जड गेलं.

"न्हाय."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीपण न्हाय. मला काही व्हायचं न्हाय. मी हाय. विग घालून तुझ्या मागं जी उभी राहील ती मी न्हवं. मग तुझ्या लग्नात मी नसणारच की. दुसरी कुणीतरी असणार."

"हट्ट करालीस तू."

"व्हय, करतोय."

"एवढं माझं ऐकत न्हाईस?"

"तुझं लग्न दोन दिवसांचं हाय. मला ह्याच अंगात रोज सकाळी उठायचंय. बाकी काहीही सांग. भांडी उचलतो, पाहुण्यांना स्टॅंडवरनं आणतो, वाढतो. साडी न्हाय."

तिनं उसाचं एक पातं तोडलं. मग विचारलं, "आणि मी लग्नाला येऊ नको म्हटलं तर?"

"तर येणार न्हाय. तुझं लग्न हाय. पण साडी नेसून तर येणारच न्हाय."

ती गेली. मला वाटलं, संपलं. त्या रात्री मी रडलो, हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही. पण एकदाही असं वाटलं नाही की हो म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. 'ये. पण इस्त्री करून ये. तुझा तो चुरगाळलेला शर्ट माझ्या लग्नात चालणार न्हाय.'

मी इस्त्री करून गेलो. फिकट निळा शर्ट, काळी पॅंट, बाबांचे पॉलिश केलेले बूट. ते थोडे मोठे होते, पुढं कापूस भरला. हॉलच्या दारात तिचे काका पाहुण्यांचं स्वागत करत होते आणि शेजारी फेटेवाला बसला होता. काकांनी माझ्याकडं धड न बघताच हात जोडले, "या पावणं, या, फेटा बांधून घ्या." मी बसलो. फेटेवाल्यानं अर्धा फेटा बांधला तेव्हा काकांनी वाकून बघितलं.

"अगं, तू व्हय?"

"मीच."

फेटेवाल्याचे हात थांबले. त्यानं काकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बांधू का नको?"

"बांधा," मी म्हणालो. काका काहीतरी पुटपुटत पुढच्या पाहुण्यांकडं वळले.

आत काकूंनी मला गाठलंच. खांबाच्या आड ओढून नेलं. "हे काय सोंग घेतलंयस? माझ्या पोरीच्या लग्नात?"

"सोंग न्हाय, काकू. सोंग आजपर्यंत होतं."

"लोकं मला विचारालीत!"

"त्यांना माझ्याकडं पाठवा. मी सांगतो."

काकूंचे डोळे भरले. या बाईनं मला किती संध्याकाळी जेवू घातलं होतं. मला वाईट वाटलं, पण मान खाली घातली नाही. त्या म्हणाल्या, "फोटोला स्टेजवर चढू नकोस. तेवढं ऐक."

"नवरीनं बोलावलं तर चढणार. न्हाय बोलावलं तर जेवून जाणार."

मी पुरुषांच्या बाजूला खुर्चीवर जाऊन बसलो. आजूबाजूला कुजबुज होती. एक बाई मागं वळून वळून बघत होत्या, मी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांची मान सरळ झाली. लग्न लागलं. अक्षता टाकल्या. मग फोटो सुरू झाले. फोटोग्राफरनं आवाज दिला, "नवरीच्या मैत्रिणी या!" टीममधल्या आमच्या पोरी साड्या सावरत चढल्या. एकीनं मला हात केला. मी बसून राहिलो. मी मैत्रीण नव्हतो.

त्यांचा फोटो झाला. फोटोग्राफर पुढच्या कुटुंबाला बोलावणार एवढ्यात नवरी म्हणाली, "थांबा. मित्र राहिलाय माझा."

तिचा आवाज बॅकवरून ओरडणारीचा. माइकची गरज नव्हती. हॉलमधली भांडी वाजायची थांबली असं काही झालं नाही, लोक आपले बोलत होते, पण पुढच्या चार-पाच रांगांनी ऐकलं. मी उठलो. मोठ्या बुटांत स्टेजच्या पायऱ्या चढणं सोपं नव्हतं. वर तिनं नवऱ्याला सांगितलं, "ही..." आणि जीभ चावली. "ह्यो माझा मित्र. शाळेपासनचा."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला आधी सांगितलेलं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. त्यानं हात पुढं केला आणि एक पाऊल सरकून जागा केली. मैत्रीण म्हणाली, "तिकडं न्हाय. माझ्या बाजूला." त्या फोटोत ती आणि मी समोर बघतोय, नवरा घामाघूम, आणि कोपऱ्यातल्या काकू दुसरीकडं बघतायत. लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो नाही. काकूंनी तो अल्बममधून वगळायला लावला. फोटोग्राफरकडून मी तो मागून घेतला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. लग्नात क्लासच्या मुलांचे दोन पालक होते, त्यांनी क्लासच्या मालकांना फोन केला. मालकांनी मला बोलावून 'वातावरण', 'मुलांची वयं' असं बरंच काही ऐकवलं. मी म्हणालो, "माझ्या शिकवण्यात चूक काढा, मी जातो. कपड्यांत काढली तर जाणार न्हाय, तुम्ही काढा आणि कारण लिहून द्या." दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि त्या दिवसांत गणिताला माणूस मिळत नाही. कारण लिहून आलं नाही. मी वर्गात मुलांना सांगितलं, आजपासून सर म्हणायचं. दोघातिघांनी चुकून 'मॅडम' म्हटलं, बाकीच्यांनीच त्यांना गप्प केलं. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मी नमस्कार करतो, त्या पदर सारखा करत पुढं जातात.

मैत्रिणीनं मला 'फसवलंस' म्हटलं होतं, ते एकदा इचलकरंजीहून माहेरी आली असताना तिनं स्वतःच काढलं. दुकानात बसली होती. म्हणाली, "तू बाप्या हाईस ह्याचा मला राग न्हवता. त्या टेलरबाईला तुझ्याबद्दल माझ्याआधी कळलं, ह्याचा होता. एवढ्या वर्षांत मला का न्हाय सांगितलंस?"

मी खरं ते सांगितलं. "तू गेलीस तर मला दुसरं कुणी न्हवतं."

तिनं शिवी दिली. चांगली ठसठशीत. आणि मग विचारलं, "पुढं काय करायचं असतंय?"

पुढचं डॉक्टरांचं होतं. तपासण्या, मग हार्मोनची इंजेक्शनं. पहिल्या भेटीला ती हट्टानं आली. दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या बाईंनी माझं जुनं नाव पुकारलं, पुढं 'मिस' लावून. कोण उठतंय ते सगळी माणसं शोधायला लागली. मैत्रीण ताडकन उठली. "ओ मॅडम, काय पुकारालाय? समोर माणूस दिसत न्हाय?"

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस. माझं मी बोलतो."

"अगं पण..." ती म्हणाली, आणि लगेच, "अरे पण."

"बस."

मी काउंटरवर गेलो. म्हणालो, मी स्वतः ठेवलेलं माझं नाव हे, आणि पुढं मिस्टर. बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये बदलता येत नाही, आधारकार्डावर जे आहे तेच येतं. मी म्हणालो, आधारकार्ड मी बदलून घेणारच आहे, त्याला वेळ लागेल, पण पुकारायचं काम कॉम्प्युटर करत नाही, तुम्ही करता.  मागं रांग खोळंबली होती, कुणीतरी 'चला की लवकर' म्हणालं. मी जागचा हललो नाही.

"मग काय करू मी?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे, खरंच विचारलं.

"पेनानं लिहा वरती."

त्यांनी कागदांखाली पेन शोधलं, केसपेपर पुढं ओढला, आणि मला विचारून विचारून, एकेक अक्षर लिहिलं.